संगणकाचा मुख्य फलक : निवड आणि पारख

वेरूळच्या कैलास लेण्यापुढे उभा राहणारा प्रवासी प्रथम शिखराकडे पाहतो, नंतर हत्तींच्या रांगेकडे आणि त्यानंतर भिंतींवरील शिल्पांकडे. हे मंदिर आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले गेले हे सर्वांनाच ठाऊक आहे. बांधकामात एखादा चिरा चुकला तर तो काढून दुसरा बसविता येतो. एकसंध खडकातून कोरताना ती सोय नसते. खांब कोठे राहणार, पूल कोठे येणार, पाणी कोणीकडे वाहणार हे पहिला घाव घालण्यापूर्वी ठरवावे लागते. मूर्तीचे बारकावे पुढे कमीअधिक झाले तरी चालते, आराखडा मात्र एकदा ठरला की बदलत नाही.

आज वेरूळच्या परिसरातील शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात जो मेजावरचा संगणक असतो, त्याच्या बाबतीतही काहीशी अशीच स्थिती आहे. त्याची स्मृती वाढविता येते, साठवण बदलता येते, पडदा नवा घेता येतो. परंतु हे सारे ज्या एका पाटावर बसविलेले असते, त्याच्या मर्यादा खरेदीच्या दिवशीच कायमच्या ठरून जातात. त्या पाटास मदरबोर्ड म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्यास मुख्य फलक म्हणू. तो कसा घडविलेला असतो आणि त्याची पारख सामान्य माणसाने कशी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे व्हावे असा नाही. ई-पंचायत प्रकल्पाखाली २०११ पासून ग्रामपंचायतींत 'संग्राम' कक्ष सुरू झाले. २०१६ नंतर त्यांची जागा 'आपले सरकार सेवा केंद्रां'नी घेतली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला. शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विम्याचे अर्ज, जन्ममृत्यूच्या नोंदी आता संगणकावरूनच होतात. गावातील संगणक बंद पडला की गावचे काम बंद पडते, हे आजचे वास्तव आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी खुलताबाद तालुक्यातील एका शाळेस भेट देण्याचा योग आला. शाळेत दहा संगणकांची प्रयोगशाळा होती. खरेदी समितीने दरपत्रके मागविली होती, सर्वांत कमी दर स्वीकारला होता आणि कागदपत्रे अगदी चोख होती. दरपत्रकात प्रोसेसरचे नाव होते, रॅमचा आकडा होता, पडद्याची रुंदी होती. मुख्य फलकाविषयी मात्र 'सुसंगत मदरबोर्ड' एवढे दोनच शब्द होते.

तीन वर्षांची हमी संपली आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात चार संगणक एकापाठोपाठ बंद पडले. झाकण उघडले तेव्हा प्रोसेसरजवळच्या धारित्रांचे, म्हणजे कपॅसिटरांचे, माथे फुगलेले दिसले. फलक बदलू म्हटले तर त्याचा आकार व विजेची जोडणी दोन्ही बाजारात मिळणाऱ्या मालापेक्षा वेगळी होती. दुरुस्ती अडून राहिली. नेमकी त्याच वेळी शिष्यवृत्तीच्या अर्जांची अखेरची तारीख आली. उरलेल्या सहा संगणकांवर गर्दी झाली, तेव्हा वरच्या वर्गातील काही मुली पालकांसह बसने शहरात गेल्या आणि तेथे पैसे देऊन त्यांनी अर्ज भरले. एका दिवसाची मजुरी बुडाली ती पालकांची. या प्रकरणात कोणी अफरातफर केली नव्हती. काय विचारावे हे कोणास माहीत नव्हते, इतकेच.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

मुख्य फलकाचे महत्त्व महाराष्ट्रास नवे नाही. आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली आला तेव्हा त्याच्या फलकावर जादा पत्रिका बसविण्यासाठी पाच खाचा ठेवलेल्या होत्या. या खाचांमुळे मूळ कारखानदाराच्या मनातही नसलेली कामे त्या संगणकाकडून करून घेता आली. त्यांतील एक काम मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे आहे. कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांवर जे संशोधन झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आले आणि त्यातून 'जिस्ट' पत्रिका तयार झाली. ही पत्रिका संगणकाच्या खाचेत बसविली की, इंग्रजीसाठी केलेल्या कार्यक्रमांतही पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. फलकावर एक रिकामी खाच होती, म्हणून त्या काळच्या संगणकावर मराठी लिहिता आले, असे म्हणावयास हरकत नाही.

सी-डॅकची स्थापना १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. एकच बलाढ्य प्रोसेसर मिळत नसेल तर अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून काम करावे, हे त्याचे तत्त्व होते. अशा यंत्रात प्रोसेसरइतकेच महत्त्व ते ज्यांवर बसतात त्या फलकांना आणि त्यांच्या परस्पर जोडणीला येते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथील तीन 'परम रुद्र' महासंगणकांचे उद्घाटन झाले. त्यांत वापरलेला 'रुद्र' सर्व्हर सी-डॅकने देशातच आरेखित केला असून त्यावर दोन प्रोसेसर बसतात. प्रोसेसर परदेशी, फलक मात्र स्वदेशी, अशी ही पायरी आहे. खुद्द छत्रपती संभाजीनगरातही विद्यापीठाच्या परिसरातील 'नाइलिट' या केंद्र शासनाच्या संस्थेत इलेक्ट्रॉनिक आरेखनाचे शिक्षण मिळते. फलकाचे आरेखन ही आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या आवाक्यातील विद्या आहे, हे यावरून ध्यानात यावे.

फलकाची रचना

वरून पाहता फलक ही एक हिरवी वा काळी पाटी दिसते. वस्तुतः ती अनेक थरांची असते. काचतंतू व राळ यांच्या पातळ पत्र्यांमध्ये तांब्याचे थर दाबून बसविलेले असतात. साध्या फलकात असे चार थर असतात. बाहेरच्या दोन थरांवर संकेतांच्या वाटा असतात, आतील थर मुख्यत्वे वीजपुरवठा व भूसंपर्क यांसाठी राखलेले असतात. चढत्या दर्जाच्या फलकांत सहा, आठ किंवा अधिक थर असतात. तांबे जितके अधिक, तितकी उष्णता चांगली पसरते आणि संकेत स्वच्छ राहतात.

प्रोसेसर व रॅम यांच्यामधील भाग नीट पाहिला तर काही रेषा सरळ न जाता नागमोडी गेलेल्या दिसतात. ही नक्षी नव्हे. डीडीआर४ प्रकारची ३२०० गतीची रॅम घेतली, तर प्रत्येक संकेतास मिळणारा अवधी सुमारे ०.३१ नॅनोसेकंद असतो. फलकाच्या तांब्यातून संकेत एका नॅनोसेकंदात सुमारे १५ सेंटिमीटर धावतो. म्हणजे या अवधीत तो पाच सेंटिमीटरही जात नाही. चौसष्ट वाटांनी निघालेले संकेत एकाच वेळी पोहोचावयाचे असतील, तर जवळच्या वाटेला मुद्दाम वळणे देऊन ती लांबच्या वाटेच्या बरोबरीस आणावी लागते. रॅमची जाहिरात केलेली गती फलकास पेलते की नाही, हे या आरेखनावर अवलंबून असते.

आकारांचीही मानके आहेत. इंटेलने १९९५ साली एटीएक्स मानक आणले. त्याचा पूर्ण आकार ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर आहे. १९९७ साली आलेला मायक्रो एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस आहे आणि २००१ साली व्हिया कंपनीने आणलेला मिनी आयटीएक्स १७० मिलिमीटर चौरस आहे. कार्यालय व शाळा यांसाठी मायक्रो एटीएक्स बहुधा पुरेसा होतो. काही तयार संगणकांत मात्र कारखानदाराने स्वतःच्या सोयीचा निराळा आकार आणि निराळी वीजजोडणी वापरलेली असते. असा संगणक हमीच्या मुदतीत उत्तम चालतो, परंतु मुदत संपल्यावर त्याच कारखानदाराच्या दारी जावे लागते. वर उल्लेखिलेल्या शाळेची अडचण हीच होती.

विजेची व्यवस्था

फलकाची खरी कसोटी येथे लागते. भिंतीतील २३० व्होल्टची वीज संगणकाच्या वीजपेटीत येऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट होते. प्रोसेसरला मात्र एका व्होल्टच्या आसपास दाब लागतो. १२ व्होल्टचा एवढा कमी दाब करण्याचे काम प्रोसेसरच्या शेजारी बसविलेली मंडले करतात. हे काम किती अवजड आहे, ते एका साध्या हिशेबाने समजेल. प्रोसेसर ६५ वॅटचा आहे आणि दाब १.२ व्होल्ट आहे असे धरू. ६५ ला १.२ ने भागले असता सुमारे ५४ अँपियर प्रवाह येतो. घरातील गिझरचा मोठा सॉकेट १६ अँपियरचा असतो. त्याच्या तिपटीहून अधिक प्रवाह टपाल तिकिटाएवढ्या जागेतून जात असतो.

हा भार एका मंडलावर न टाकता अनेकांत वाटला जातो. त्यांना फेज म्हणतात. चार फेज असतील तर प्रत्येकावर सुमारे साडेतेरा अँपियर येतात, सहा असतील तर नऊ. भार कमी तर उष्णता कमी. या मंडलांवर अॅल्युमिनियमचे पन्हळी ठोकळे बसविलेले असतील तर उष्णता हवेत लवकर जाते. स्वस्त फलकात हे ठोकळे बहुधा नसतात. खरेदी करताना प्रोसेसरच्या खाचेभोवती नजर टाकली तरी हा फरक कोणासही दिसू शकेल.

याच ठिकाणी धारित्रे असतात. द्रवयुक्त धारित्रांचे आयुष्य उष्णतेवर ठरते. उत्पादक ते १०५ अंश तापमानाला अमुक तास असे सांगतात आणि तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारणतः दुप्पट होते. एक धारित्र २,००० तासांचे व दुसरे ५,००० तासांचे आहे असे समजू. फलकाच्या त्या भागाचे तापमान ८५ अंश राहिले तर पहिले ८,००० तास टिकेल, दुसरे २०,००० तास. कार्यालयात दिवसाला ८ तास व वर्षाला ३०० दिवस संगणक चालला तर वर्षाचे २,४०० तास होतात. पहिले धारित्र सव्वातीन वर्षांच्या सुमारास थकेल, दुसरे आठ वर्षे काम देईल. बहुतेक हमी तीन वर्षांची असते, ही गोष्ट येथे मुद्दाम लक्षात घ्यावी. तेच तापमान ७५ अंशांवर आणले तर दोघांचेही आयुष्य दुप्पट होईल.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालील खोलीत ४० अंश तापमान ही नवलाची गोष्ट नाही. संगणकाच्या पेटीत ते आणखी १० ते १५ अंशांनी चढते. थंड हवेच्या खोलीत तपासलेला फलक आपल्याकडे तितकाच टिकेल असे गृहीत धरता येत नाही. यास्तव घन प्रकारची, म्हणजे ज्यांत द्रव नसतो अशी, धारित्रे असलेला फलक घ्यावा. ती धातूच्या लहान डब्यांसारखी दिसतात आणि त्यांच्या माथ्यावर द्रवयुक्त धारित्रांसारखी फुलीची खाच नसते. सन २००० च्या आसपासच्या काही वर्षांत सदोष द्रवाच्या धारित्रांमुळे जगभर असंख्य फलक निकामी झाले होते. घन धारित्रांचा प्रसार त्यानंतर वाढला.

विस्तार आणि जोडण्या

चांगल्या फलकाचा दुसरा गुण म्हणजे उद्याची सोय. रॅमसाठी दोन किंवा चार खाचा असतात. दोनच असतील तर खरेदीच्या वेळी एका खाचेत मोठी पट्टी घेऊन दुसरी मोकळी ठेवावी, म्हणजे पुढे वाढ करता येते. डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ स्पर्शबिंदू असले तरी त्यांच्यातील खोबण वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही आणि बळाने बसवू नये.

साठवणीसाठी एम. २ प्रकारची किमान एक खाच आणि साटा प्रकारच्या चार जोडण्या असाव्यात. एम. २ च्या पट्टीवर २२८० असा आकडा असतो. त्याचा अर्थ रुंदी २२ व लांबी ८० मिलिमीटर इतकाच आहे. जुन्या संगणकाची तबकडी काढून अशी पट्टी बसविली तर तो नव्यासारखा चालू लागतो, परंतु त्यासाठी फलकावर ती खाच असावी लागते.

मागच्या बाजूच्या जोडण्या आपल्या कामाशी ताडून पाहाव्यात. शाळेत जुना प्रोजेक्टर असेल तर व्हीजीए जोडणी लागते, नव्या पडद्यास एचडीएमआय. सेवा केंद्रात अंगठ्याचा ठसा घेणारे उपकरण, छपाई यंत्र, स्कॅनर, कॅमेरा, कळफलक व माउस एवढे मिळून सहा यूएसबी जोडण्या सहज लागतात. मागे चारच असतील तर पहिल्याच दिवशी अडचण होते. जाळ्याची जोडणी एक गिगाबिटची असावी.

प्रोसेसरची बैठकही पाहणे अगत्याचे आहे. एएमडीची एएम४ बैठक २०१६ मध्ये आली आणि २०२० मध्ये निघालेले प्रोसेसरही, फलकावरील मूळ कार्यक्रम अद्ययावत केल्यास, तीत बसत. काही बैठका मात्र एकदोन पिढ्यांतच बदलतात. इंटेलने २००४ पासून व एएमडीने २०२२ पासून मेजावरच्या संगणकांत नाजूक पिना प्रोसेसरवर न ठेवता फलकावरील बैठकीत ठेवल्या आहेत. त्यांतील एक जरी वाकली तरी फलक निरुपयोगी ठरू शकतो आणि अशा दोषास हमी सहसा लागू होत नाही. फलक स्वीकारताना बैठकीवरील झाकण जागेवर आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

कार्यप्रणाली आणि सुरक्षितता

५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ ही कार्यप्रणाली आली. तिच्यासाठी फलकावर यूईएफआय हा नवा मूळ कार्यक्रम, सुरक्षित आरंभाची सोय आणि टीपीएम २.० हे सुरक्षा साधन असावे लागते. प्रोसेसरही मान्य यादीतील असावा लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. त्यामुळे धडधाकट दिसणारे अनेक संगणक केवळ फलक व प्रोसेसर जुने असल्याने मागे पडले. अशा संगणकांना लगेच भंगारात काढण्याची गरज नाही. सी-डॅकने विकसित केलेल्या 'बॉस' सारख्या लिनक्स प्रणालीवर त्यांतील पुष्कळसे संगणक लेखन, वाचन व शिक्षण यांसाठी उपयोगी पडू शकतात. तथापि, नवी खरेदी करताना टीपीएम २.० ची अट लेखी घालावी.

येथेच एका किरकोळ दोषाचा उल्लेख करावासा वाटतो. फलकावर रुपयाच्या नाण्यासारखी तीन व्होल्टची एक बॅटरी असते. तिचे नाव सीआर २०३२. ती संपली की संगणकाची तारीख मागे जाते आणि शासकीय संकेतस्थळे सुरक्षिततेचे कारण दाखवून उघडत नाहीत. फलक बिघडला असे समजून कित्येक ठिकाणी संगणक बाजूस ठेवले जातात. बॅटरी बदलणे हे पाच मिनिटांचे आणि अल्प खर्चाचे काम आहे.

गुण कसे द्यावेत

दोन फलकांची तुलना करताना नुसत्या किमतीवर न जाता गुण देण्याची एक साधी रीत सुचवावीशी वाटते. एकूण १०० गुणांपैकी विजेच्या व्यवस्थेस २५, विस्तारास २०, जोडण्यांस १५, मानक आकारास १५, कार्यप्रणाली व सुरक्षिततेस १५ आणि हमी व दुरुस्तीच्या सोयीस १० गुण ठेवावेत. ही विभागणी प्रस्तुत लेखकाने सुचविलेली आहे. आपल्या गरजेप्रमाणे तीत बदल करता येईल.

उदाहरणादाखल दोन फलक घेऊ. 'अ' फलकास तीन फेज, द्रवयुक्त धारित्रे, रॅमच्या दोन खाचा, निराळा आकार आणि एक वर्षाची हमी आहे. 'ब' फलकास सहा फेज, उष्णता घालविणारे ठोकळे, घन धारित्रे, रॅमच्या चार खाचा, मायक्रो एटीएक्स आकार आणि तीन वर्षांची हमी आहे. टीपीएम दोघांवरही आहे. वरील क्रमाने 'अ' ला १२, ८, १०, ५, १२ व ४ म्हणजे एकूण ५१ गुण मिळतील. 'ब' ला २०, १५, १२, १५, १२ व ७ म्हणजे ८१. समजा, 'ब' दोन हजार रुपयांनी महाग आहे. दहा संगणकांमागे वीस हजार रुपये अधिक लागतील. परंतु हमीनंतर चार फलक बदलावे लागले आणि एका फलकास पाच हजार रुपये पडले, तर ही सारी बचत तेथेच संपते. बंद पडलेल्या दिवसांचा आणि लोकांच्या हेलपाट्यांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही.

खरेदी व स्वीकृती

खरेदी शासनाच्या ई-बाजारातून असो वा स्थानिक दरपत्रकाने, पुढील गोष्टी समितीने आवर्जून कराव्यात.

एक, दरपत्रकात मुख्य फलकाच्या उत्पादकाचे नाव व नमुना क्रमांक लिहून घ्यावा. 'सुसंगत' हा शब्द मान्य करू नये.

दोन, त्या नमुन्याची माहितीपुस्तिका मागवून प्रोसेसर व रॅम त्याच्या मान्य यादीत आहेत की नाहीत ते पाहावे.

तीन, माल आल्यावर एका संगणकाचे झाकण पुरवठादाराच्या समक्ष उघडून फलकावर छापलेला नमुना क्रमांक दरपत्रकाशी ताडून पाहावा.

चार, संगणक सलग एक तास भरपूर कामाखाली चालवून तापमान पाहावे व रॅमची चाचणी घ्यावी. स्वीकृतीच्या कागदावर या चाचणीची नोंद करावी.

पाच, हमीच्या काळात दुरुस्ती जागेवर होणार की शहरात न्यावी लागणार, हे लेखी घ्यावे. वेरूळहून शहर तीस किलोमीटरच्या आसपास आहे. दहा संगणक तेथे नेणे आणि आणणे हाही खर्चच आहे.

निगा

उत्तम फलकही निगेविना टिकत नाही. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, वीज तोडून मऊ ब्रशने किंवा हवेच्या झोताने धूळ काढावी. आपल्याकडील काळ्या मातीची बारीक धूळ ओल धरते आणि पंख्याच्या पात्यांवर थर जमविते. पेटी भिंतीस चिकटवून ठेवू नये.

अर्थिंगकडे विशेष लक्ष असावे. मुरमाड व कातळाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल उरत नाही, त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे लागते. मान्सूनपूर्व वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की केवळ बटन बंद करून भागत नाही. विजेची तार आणि जाळ्याची तार या दोन्ही काढून ठेवाव्यात. विजेचा धक्का जाळ्याच्या तारेतूनही येतो, हे पुष्कळांस माहीत नसते.

निकामी फलक मात्र जाळू नयेत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. जुन्या फलकांच्या डाखात शिसे असते आणि जाळल्यास विषारी धूर होतो. उलटपक्षी, त्यांत तांबे व अल्प प्रमाणात सोनेही असते आणि ते परत मिळविता येते. ई-कचऱ्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेला पाहिजे.

समारोप

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पुढच्या खरेदीच्या वेळी एक साधी गोष्ट केली. विज्ञान शिक्षक आणि दहावीचे दोन विद्यार्थी यांना त्यांनी झाकण उघडण्याच्या वेळी उपस्थित ठेवले. विद्यार्थ्यांनी फलकावरचा क्रमांक मोठ्याने वाचला, शिक्षकांनी तो कागदावर टिपला आणि मगच स्वीकृतीवर सही झाली. या पद्धतीस खर्च लागला नाही, पुरवठादारासही त्यात गैर वाटले नाही आणि मुलांना एक पाठ प्रत्यक्ष शिकावयास मिळाला.

संगणकाच्या जाहिरातीत मुख्य फलकाचे नाव क्वचितच दिसते. पेटी बंद झाली की तो कोणाच्या नजरेस पडत नाही. परंतु सार्वजनिक पैशाने घेतलेला संगणक किती वर्षे लोकांच्या उपयोगी पडणार, हे पुष्कळ अंशी त्यावरच ठरते. यास्तव यापुढे ज्या समितीपुढे संगणकाचे दरपत्रक येईल, तिने प्रोसेसर कोणता हे विचारून थांबू नये. तो कोणत्या फलकावर बसविला आहे, हा दुसरा प्रश्नही अवश्य विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.